राऊटर नवा, प्लॅन मोठा, तरी लॅपटॉपचा स्पीड तिथेच अडकतोय? आधी वायफाय अ‍ॅडाप्टर बघा

हा प्रॉब्लेम माझ्याकडे इतक्या वेळा आलाय की आता कोणी "नेट स्लो आहे" म्हटलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, फोनवर पण स्लो आहे का फक्त लॅपटॉपवर? आणि बहुतेक वेळा उत्तर तेच येतं, फोनवर मस्त चालतंय, लॅपटॉपवरच रडतंय. परवा मामेभावाचा फोन आला, "ताई, राऊटर फॉल्टी आलाय, बदलून मागू का?" त्याचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा, राऊटर चार अँटेनावाला नवाकोरा, फोनवर २८० येत होते आणि लॅपटॉपवर ३८. म्हटलं थांब, राऊटर परत बॉक्समध्ये घालू नकोस, आधी लॅपटॉपवर एक आकडा बघ आणि मला वाचून दाखव.

तो आकडा म्हणजे लिंक स्पीड. स्पीड टेस्टचा आकडा वेगळा आणि हा वेगळा, इथेच बऱ्याच जणांची गल्लत होते. लिंक स्पीड म्हणजे लॅपटॉपचा अ‍ॅडाप्टर आणि राऊटर यांचं आपसात काय ठरलंय तो वेग (अ‍ॅडाप्टर म्हणजे लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड किंवा बाहेरून यूएसबीला लावायचा डोंगल), इंटरनेटचा त्याच्याशी काही संबंध नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, आणि जोडलेल्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडल्या की खाली लिंक स्पीड, प्रोटोकॉल (वायफायची पिढी), बँड (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चाललंय ते) आणि चॅनेल (त्या बँडमधला पट्टा) सगळं लिहिलेलं असतं. मॅकवर ऑप्शन की दाबून धरून वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, तिथे टीएक्स रेट या नावाने हाच आकडा दिसतो. राऊटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये भिंत नाही अशा जागी बसून बघा, नाहीतर अंतरामुळे आकडा पडतो आणि अ‍ॅडाप्टरला उगाच दोष लागतो.

भावाने वाचून दाखवलं ते असं, प्रोटोकॉल वायफाय ४, बँड २.४ गिगाहर्ट्झ, चॅनेल ६, लिंक स्पीड ७२ एमबीपीएस. बस, निदान झालं.

कारण हे आकडे काहीही येत नाहीत, ते ठरलेले असतात आणि एकदा ओळखता आले की अ‍ॅडाप्टर न उघडता आत काय आहे ते कळतं. ७२ म्हणजे ८०२.११ एन म्हणजेच वायफाय ४, एकच स्ट्रीम (एका वेळी डेटा नेणारा एकच प्रवाह), २० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल. १४४ म्हणजे तेच पण दोन स्ट्रीम. १५० म्हणजे एक स्ट्रीम पण ४० मेगाहर्ट्झ, आणि ३०० म्हणजे दोन स्ट्रीम ४० वर. ४३३ दिसलं तर एसी म्हणजे वायफाय ५, एक स्ट्रीम, ८० मेगाहर्ट्झ, आणि ८६६ किंवा ८६७ म्हणजे त्याचेच दोन स्ट्रीम. १२०१ म्हणजे एएक्स म्हणजे वायफाय ६, दोन स्ट्रीम, ८० मेगाहर्ट्झ, आणि २४०२ म्हणजे तेच १६० मेगाहर्ट्झवर. हे सगळे जास्तीत जास्तचे आकडे आहेत, जवळ बसून यातला एखादा किंवा त्याच्या थोडं खाली दिसायला पाहिजे. भावाच्या लॅपटॉपमध्ये एन प्रकारचं, एका स्ट्रीमचं आणि फक्त २.४ गिगाहर्ट्झचं कार्ड होतं, म्हणजे समोर जगातला सगळ्यात भारी राऊटर ठेवला असता तरी २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर ७२ च्या वर जाणं शक्यच नव्हतं.

आता ७२ असताना हातात ३८ का आले हेही बघू. वायफाय एका वेळी एकाच दिशेने बोलतं, एक बोलतो तेव्हा बाकी सगळे थांबतात, प्रत्येक पॅकेटला पोचपावती द्यावी लागते, मधला वेळ आपली पाळी येण्याची वाट बघण्यात जातो, त्यामुळे लिंक स्पीडच्या साधारण निम्मे ते दोन तृतीयांश, म्हणजे ५० ते ६५ टक्के हातात पडले तर ते नॉर्मल आहे. ८६७ ची लिंक असेल तर चांगल्या जागी ५०० च्या आसपास धरा. म्हणून अ‍ॅडाप्टर घेताना हिशोब उलटा करायचा, प्लॅन जेवढा आहे त्याच्या दुप्पट तरी लिंक स्पीड मिळेल असा अ‍ॅडाप्टर बघायचा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते कारण ती कोणी सांगत नाही. जुना स्लो अ‍ॅडाप्टर फक्त स्वतः स्लो चालत नाही, तो घरातल्या बाकीच्यांचाही वेळ खातो. तेवढाच डेटा उतरवायला ७२ वाल्याला ८६७ वाल्याच्या साधारण बारापट वेळ चॅनेल व्यापून ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ त्याच चॅनेलवरचे बाकीचे गप्प बसून असतात. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर मोठं डाउनलोड लागलं की त्याच बँडवरच्या फोनवरचा व्हिडिओ अडकायला लागतो आणि शिव्या राऊटरला बसतात.

खरेदीला जायच्या आधी अजून एक खात्री करा. लिंक स्पीड ८६६ किंवा १२०१ असा चांगला दिसतोय पण स्पीड टेस्ट मात्र ९३-९५ च्या वर हलतच नाही, असं असेल तर अ‍ॅडाप्टर बदलू नका, पैसे वाया जातील. ९४ च्या आसपास घट्ट अडकलेला आकडा म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसचा इथरनेट (वायरचं कनेक्शन) आहे. एकतर राऊटरचे पोर्टच फास्ट इथरनेट आहेत, बऱ्याच साध्या राऊटरना वायफाय ड्युअल बँड देतात आणि मागचे पोर्ट १०० चेच ठेवतात, किंवा मग केबल खराब आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात आणि १०० ला चारच पुरतात, त्यामुळे बाकीच्या चारांपैकी एखादी तार आत तुटली तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर येतं आणि तसंच चालत राहतं. मॉडेम ते राऊटर ही वीतभर केबल एकदा बदलून बघा. घरात वायरने जोडलेला दुसरा कॉम्प्युटर असेल तर दोन्हीवर आयपर्फ ३ हे वेग मोजायचं टूल टाकून आपसातला वेग मोजा, म्हणजे इंटरनेट बाजूला पडतं आणि नुसतं वायफाय किती देतंय ते कळतं.

बरं, आता अ‍ॅडाप्टरच कमी पडतोय हे नक्की झालं असं धरू.

सगळ्यात आधी बॉक्सवरच्या मोठ्या आकड्याकडे दुर्लक्ष करायला शिका. एसी १२००, एसी १९००, एएक्स ५४०० हे जे लिहिलेलं असतं ते सगळ्या बँडची बेरीज असते आणि तुमचा लॅपटॉप साधारणपणे एका वेळी एकाच बँडवर असतो. एसी १२०० म्हणजे २.४ वर ३०० आणि ५ वर ८६७. एसी ६०० म्हणजे १५० आणि ४३३, म्हणजे एकच स्ट्रीम, नावात एसी आहे म्हणून फसू नका. एएक्स ३००० म्हणजे ५७४ आणि २४०२. राऊटरचं पण तसंच, एएक्स ५४०० मधले ४८०४ हे १६० मेगाहर्ट्झवर चार स्ट्रीमचे आहेत आणि लॅपटॉपच्या कार्डांमध्ये जवळजवळ सगळीकडे दोनच स्ट्रीम असतात, त्यामुळे त्या राऊटरकडून एका लॅपटॉपला मिळून मिळून २४०२ मिळणार आणि कार्ड १६० मेगाहर्ट्झवालं नसेल तर १२०१. दोघांपैकी ज्याची झेप कमी त्याच्यावर वेग ठरतो, हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धी खरेदी झाली. बाहेर दिसणाऱ्या अँटेना मोजून स्ट्रीमचा अंदाज बांधू नका, स्पेसिफिकेशनमध्ये २x२ (म्हणजे दोन स्ट्रीम) लिहिलंय का आणि ८० का १६० मेगाहर्ट्झ लिहिलंय ते बघा.

यूएसबी अ‍ॅडाप्टरमध्ये अजून एक अडसर असतो आणि यात सगळ्यात जास्त लोक फसतात. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, प्रत्यक्षात ३०० च्या आसपास दम संपतो. आता एसी १२०० लिहिलेला डोंगल यूएसबी २.० चा असेल तर लिंक स्पीड तुम्हाला छान ८६७ दाखवेल, कारण हवेतली बोलणी तेवढ्याची झालेली असतात, पण कॉम्प्युटरपर्यंत पोचताना नळी बारीक आहे. म्हणून लिंक चांगली पण वेग ३०० च्या खाली अडकतोय असं दिसलं तर अ‍ॅडाप्टर यूएसबी २.० चा आहे का ते बघा, आणि अ‍ॅडाप्टर ३.० चा असेल तर तो चुकून २.० च्या पोर्टात किंवा जुन्या हबमध्ये तर लावला नाहीये ना ते बघा. निळ्या रंगाचा पोर्ट सहसा ३.० चा असतो पण रंगावर विसंबू नका, मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पण यूएसबी ३.० चं स्वतःचं एक दुखणं आहे. त्याच्या डेटाच्या गोंगाटाचा काही भाग २.४ गिगाहर्ट्झच्या बँडमध्येच येतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर कागद काढला होता. त्यामुळे शेजारच्या पोर्टात ३.० ची हार्डडिस्क चालू असेल तर २.४ वरचं वायफाय आणि वायरलेस माऊस दोन्ही अडखळतात. उपाय सोपा आहे, अ‍ॅडाप्टर ५ गिगाहर्ट्झवर चालवा आणि छोट्या एक्स्टेंशन केबलने पोर्टापासून लांब ठेवा.

ही एक्स्टेंशन केबल किती फरक पाडते ते मी स्वतःच्या डेस्कटॉपवर बघितलंय. पीसी टेबलाखाली, डोंगल मागच्या पोर्टात, म्हणजे एका बाजूला पत्र्याचा डबा आणि दुसऱ्या बाजूला भिंत, आणि अ‍ॅडाप्टर त्या फटीत. विंडोज सिग्नल ४८ टक्के दाखवत होतं आणि लिंक स्पीड सारखा खालीवर होत होता, कधी २६० कधी ३९०. एक मीटरची यूएसबी ३.० एक्स्टेंशन लावून तोच डोंगल टेबलावर, मॉनिटरच्या बाजूला उभा केला आणि सिग्नल ८६ टक्के झाला, लिंक ८६७ ला जाऊन थांबली. अ‍ॅडाप्टर तोच, राऊटर तोच, फक्त जागा बदलली. म्हणूनच नखाएवढे नॅनो अ‍ॅडाप्टर मी कोणाला सुचवत नाही, त्यात अँटेनाला जागाच नसते आणि बहुतेक एकाच स्ट्रीमचे असतात. लॅपटॉपला लावून विसरून जाता येतं ही सोय आहे, मान्य, पण वेग हवा असेल तर तो रस्ता नाही.

डेस्कटॉपला शक्य असेल तर पीसीआय एक्सप्रेस कार्डच घ्या. छोट्या स्लॉटात बसतं, यूएसबीची भानगड नाही, आणि ज्याच्या अँटेना वायरने बाहेर काढून टेबलावर ठेवता येतात ते बघून घ्या, थेट कार्डाला स्क्रू होणाऱ्या अँटेना परत त्या पत्र्यामागेच जातात. कार्डात ब्लूटूथ पण असेल तर त्याची एक बारीक केबल मदरबोर्डवरच्या यूएसबी हेडरला लावावी लागते, ती राहिली की वायफाय चालतं आणि ब्लूटूथ गायब असतं आणि माणूस दिवसभर ड्रायव्हर शोधत बसतो.

लॅपटॉपचं आतलं कार्ड बदलायचं असेल तर आधी डिव्हाइस मॅनेजरमध्ये सध्याच्या कार्डाचं नाव बघा आणि मग लॅपटॉपचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. काही पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड बोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, तिथे विषयच संपला, यूएसबी घ्या. बदलता येत असेल तर नव्या मशीनमध्ये एम.२ चं २२३० साइजचं कार्ड असतं, खूप जुन्यात मिनी पीसीआय एक्सप्रेस, आणि दोन्हीच्या अँटेनाच्या टोकांचा आकार वेगळा असतो, एम.२ ची टोकं बारीक असतात. इंटेलची कार्डं घेताना मॉडेल नंबर अक्षरशः शेवटच्या आकड्यापर्यंत वाचा. एएक्स २०० आणि एएक्स २१० ही साध्या पीसीआय एक्सप्रेसवर चालतात, पण एएक्स २०१ आणि एएक्स २११ ही सीएनव्हीआय प्रकारची आहेत, म्हणजे कार्डाचा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे ती एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल मशीनमध्ये स्लॉटात बरोबर बसतात आणि चालत मात्र नाहीत. एका आकड्याचा फरक आहे आणि फोटोत दोन्ही सारखीच दिसतात. काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप बायोसमध्ये ठरावीकच कार्डांना परवानगी देतात, दुसरं लावलं की सुरू होतानाच एरर येते, हेही आधी तपासा.

भावाच्या लॅपटॉपचं मागचं कव्हर उघडलं तेव्हा वेगळंच निघालं. बॅटरी सोडवली, कार्ड दिसलं, स्लॉट एम.२ चा, सगळं जुळत होतं, पण कार्डाकडे येणारी अँटेनाची वायर एकच. काळी एक वायर, पांढरी नाहीच, आणि स्क्रीनच्या बिजागरीपर्यंत माग काढला तरी दुसरी सापडली नाही. दोन स्ट्रीमला दोन अँटेना लागतात. नवं २x२ कार्ड घातलं असतं तरी दुसरा स्ट्रीम नीट चाललाच नसता, शिवाय मूळचं कार्ड फक्त २.४ चं असल्यामुळे ती एक अँटेना ५ गिगाहर्ट्झसाठी बनवलीय का याचीही खात्री नव्हती. म्हणून कार्ड मागवायच्या आधी कव्हर उघडून वायरी मोजा, किंवा मॅन्युअलमधला फोटो बघा, दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही कव्हर परत लावलं आणि यूएसबी ३.० चा, दोन स्ट्रीमचा, दुमडता येणाऱ्या अँटेनावाला एसी अ‍ॅडाप्टर घेतला.

अ‍ॅडाप्टर चांगला लावूनही लिंक स्पीड कमीच दिसत असेल तर सेटिंगमध्ये काहीतरी अडलंय. लिंक बरोबर ५४ वर अडकली असेल तर राऊटरची सिक्युरिटी बघा, डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी पद्धत ठेवली असेल तर एन आणि पुढचे वेग मिळतच नाहीत, नियमातच तसं आहे, डब्ल्यूपीए २ एईएस किंवा डब्ल्यूपीए ३ करा. डब्ल्यूएमएम नावाचं सेटिंग बंद असेल तरी तेच होतं, ते चालू ठेवा. लिंक ३०० च्या आत आहे आणि बँड २.४ दिसतोय तर दोन्ही बँडना एकच नाव असल्यामुळे लॅपटॉप चुकीच्या बँडला चिकटलाय, डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅडाप्टरच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये प्रिफर्ड बँड ५ गिगाहर्ट्झ करा, किंवा काही दिवस राऊटरवर ५ चं नाव वेगळं ठेवा. ५ वर आहे पण ८६७ च्या जागी ४०० दिसतंय तर राऊटरची चॅनेल रुंदी ४० वर ठेवलेली असू शकते, ती ८० करा. थोड्या वेळाने नेट सुस्त होत असेल तर पॉवर मॅनेजमेंट टॅबमधली वीज वाचवायला डिव्हाइस बंद करण्याची टिक काढा.

१६० मेगाहर्ट्झवाला अ‍ॅडाप्टर घेतला आणि तरी २४०२ च्या जागी १२०१ च दिसतंय ही तक्रार पण नेहमीची. ५ गिगाहर्ट्झमध्ये एवढी रुंद सलग जागा हवी तर ३६ ते ६४ किंवा १०० ते १२८ असे चॅनेल धरावे लागतात आणि त्यात हवामान वगैरेच्या रडारचे चॅनेल येतात. राऊटरला तिथे शिरायच्या आधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकावं लागतं आणि मध्येच रडार ऐकू आलं तर जागा सोडून जावं लागतं, त्यामुळे विमानतळाजवळ किंवा तशा ठिकाणी राऊटर परत परत ८० वर येतो. यात अ‍ॅडाप्टरचा काही दोष नाही.

आणि नवा वायफाय ६ राऊटर लावल्यावर जुन्या लॅपटॉपला नेटवर्कच दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतं, असं झालं तर घाबरू नका. इंटेलच्या जुन्या एसी कार्डांच्या जुन्या ड्रायव्हरला एएक्सचे सिग्नल समजत नव्हते, ड्रायव्हर अपडेट केला की दिसायला लागतं. विंडोज अपडेटवर थांबू नका, कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या.

वायफाय ६ई (वायफाय ६ च, पण ६ गिगाहर्ट्झ बँडसह) आणि ७ बद्दल माझं मत सरळ आहे. राऊटर तेवढा असेल आणि तुमच्या देशात ६ गिगाहर्ट्झ खुला असेल तरच त्याच्या मागे लागा. ६ गिगाहर्ट्झला डब्ल्यूपीए ३ सक्तीचं आहे, विंडोज १० वर भरवसा नको, वायफाय ७ साठी विंडोज ११ चं २४एच२ लागतं, आणि ६ गिगाहर्ट्झचे सिग्नल भिंतीपार ५ गिगाहर्ट्झपेक्षाही लवकर दमतात. राऊटर गिगाबिट पोर्टचा असेल तर इंटरनेट ९४० च्या वर जाणारच नाही, तिथे वायफाय ६ चं २x२, १६० मेगाहर्ट्झवालं कार्ड भरपूर झालं. लिनक्सवाल्यांनी मात्र वेगाच्या आधी ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यात) आहे का ते बघावं, इंटेलची कार्डं आणि मीडियाटेकच्या काही चिपचे यूएसबी अ‍ॅडाप्टर लावले की चालतात, बाकी बऱ्याच यूएसबी अ‍ॅडाप्टरना बाहेरून ड्रायव्हर आणून प्रत्येक कर्नल अपडेटनंतर परत बसवावा लागतो. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या व्हर्जनमध्ये आतली चिप बदललेली असते, म्हणून लेबलवरचा व्हर्जन नंबर पण जुळवून घ्या.

नवा अ‍ॅडाप्टर लावल्यावर आतलं जुनं वायफाय डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल करायला विसरू नका. भावाच्या लॅपटॉपवर पहिल्या संध्याकाळी परत ३८ च आले, कारण दोन्ही अ‍ॅडाप्टर चालू होते आणि डाउनलोड जुन्यावरूनच चाललं होतं. ते डिसेबल केलं, त्याच खुर्चीत बसून परत बघितलं, लिंक ८६७, स्पीड टेस्ट २९१. राऊटरला हातही लावला नाही.